गिरनारची फोटोवही

"तेरा नंबर परत वाच रे दिगू. त्यात माझे डोळे मिटले असणार, मला तेव्हाच वाटलं होतं."

"तेरा. सोमनाथ, समुद्राकडचा कट्टा, सकाळी सव्वानऊ. डावीकडून मनोरमाकाकू, गोपाळकाका. काकांचं तोंड समुद्राकडे," मी वाचलं.

"म्हणजे यांची पाठच आली की!" मनोरमाकाकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली संसाराला. फोटोवाला हसा म्हणाला की हे दुसरीकडेच बघणार."

धर्मशाळेच्या पडवीत सगळे हसले. गोपाळकाका तगारेही हसले, पण ते सगळे हसताहेत हे पाहून. त्यांना ऐकू जवळजवळ येतच नव्हतं. कानाचं यंत्र होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवलं होतं. मिरजेच्या पोस्टात जन्म काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर शांततेला सोकावला होता.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या जुलैमधली. गुरुपौर्णिमेची गर्दी ओसरली की आमचे तात्या कुरुंदवाडे मिरजेहून चौदा-पंधरा माणसं घेऊन गिरनारला जायचे. बावीस वर्षं त्यांचा हा नेम होता. त्या वर्षी मी पहिल्यांदाच गेलो आणि फोटो काढायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मी सांगलीला पाटबंधारे खात्यात ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारा, होतो. आमच्याकडे नकाशावर क्रमांक, तारीख आणि सही नसेल तर तो कागद रद्दीत जातो. त्याच खाक्याने मी फोटोंची वही ठेवायचो. खटका दाबला की लगेच नोंद करायची: फोटोचा नंबर, जागा, वेळ, डावीकडून कोण कोण. घरोघरी बुटांच्या खोक्यांत फोटो पडलेले असतात आणि हे कुठलं देऊळ, ही बाई कोण, यावरून भांडणं होतात. माझ्या फोटोंवरून कधी भांडण झालं नाही, याचा मला गर्व होता. गर्वच म्हणायला हवा.

रोज संध्याकाळी मी वही मोठ्याने वाचायची आणि लोकांनी आपापल्या प्रती सांगायच्या, अशी पद्धत त्या प्रवासात पडून गेली. "मला चारच्या दोन," "मला नऊची एक, मुलीला पाठवायला." हरिपाठानंतरचा तो कार्यक्रमच झाला होता. एखादा नंबर चुकून राहिला तर लोक लगेच टोकायचे.

त्या रात्री वाचन संपल्यावर तात्यांनी मला बाजूला घेतलं.

"उद्या वर पादुकांपाशी कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही. तिथे चालत नाही. पुजारी मला ओळखतात, माझ्या शब्दावर आपल्या माणसांना दोन मिनिटं जास्त उभं राहू देतात."

"नाही काढणार, तात्या."

"दत्ताची शपथ?"

"दत्ताची शपथ," मी म्हणालो.

आणि मी म्हणालो तेव्हा मला माहीत होतं की मी काढणार आहे. माझी आई तीन वर्षं अंथरुणावर होती. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. निघताना तिने माझा हात धरून एकच मागितलं होतं, "मला आता दहा हजार पायऱ्या कुठल्या रे चढायच्या? पादुका फोटोत तरी दाखव." तिला नाही म्हणणं मला जमलं नाही, आणि तात्यांना खरं सांगणंही जमलं नाही. भिडस्त माणूस दोन्हीकडे हो म्हणत राहतो.

पहाटे कॅमेऱ्यात नवा रोल घातला, वहीतले नंबर पुन्हा एकपासून सुरू केले आणि आम्ही चढायला लागलो. काकूंचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांच्यासाठी डोली केली होती, तीही अंबामातेच्या देवळापर्यंतच. तिथून त्या परत फिरणार आणि आम्ही पुढे जाणार. डोलीवाल्यांचा म्होरक्या जीवाभाई हा साठीचा, काटक माणूस. अंबामातेपाशी काकूंनी गोपाळकाकांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि मला हाक मारली.

"दिगू, हे तुझ्या स्वाधीन. त्यांना हाक मारून उपयोग नाही, हाताला धरावं लागतं. मध्येच कुठेतरी बसून राहतात आणि ढग बघतात."

"काळजीच करू नका, काकू."

अंबामातेच्या पुढे ढग असे उतरले की चार पायऱ्यांपलीकडचं काही दिसेना. मी मध्येच फोटो काढत होतो, पण काढायला होतं काय? पायऱ्या, धुकं आणि समोर उभा केलेला माणूस. दत्तशिखराच्या दाराशी सगळ्यांचा मिळून एक काढला. नंबर सतरा. मग आम्ही आत गेलो.

आत मी रेनकोटच्या आत, पोटाशी कॅमेरा धरला. नमस्काराला वाकलो आणि नेम न धरता खटका दाबला. कुणीतरी त्याच वेळी घंटा वाजवली. पुजारी दुसरीकडे बघत होते. तात्या डोळे मिटून उभे होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मला स्वतःची लाज वाटली, पण झालं ते झालं होतं.

बाहेर येऊन उतरताना कमंडलू कुंडाकडे फुटणाऱ्या वाटेच्या वळणावर तात्या म्हणाले, "माझा एक काढ इथं." मी काढला. वही उघडली आणि थबकलो. कॅमेऱ्यावरचा हा फोटो एकोणिसावा होता. वहीत सतरानंतर एकदम एकोणीस लिहिला, तर संध्याकाळी पडवीत चौदा माणसं विचारणार, अठरा कुठे गेला? म्हणून मी त्यापुढे अठरा लिहिलं. घरी गेल्यावर करू दुरुस्त. आयुष्यात वहीत खोटा आकडा लिहिण्याची ती माझी पहिली वेळ होती.

गोपाळकाका तेव्हा आमच्या मागेच होते. त्यांनी हाताने खूण केली, तुम्ही व्हा पुढे, मी टेकतो जरा. आमची आणखी सहा माणसं अजून वरच होती, ती त्यांना घेऊन येतील असं मी धरून चाललो. त्या सहाजणांना वाटलं, काका माझ्याबरोबर खाली गेले. काकांना माझ्या स्वाधीन केलं होतं, त्यामुळे त्यांना तसं वाटण्यात काहीच चूक नव्हती. पुढे धुक्यामुळे मी कॅमेरा बंदच ठेवला. थेट अंबामातेच्या खाली, गोमुखीच्या कुंडाजवळ आल्यावर तात्यांचा आणखी एक काढला, तो दिवसाचा शेवटचा. वहीत लिहिलं, एकोणीस.

साडेबारापर्यंत सगळे डोंगराच्या पायथ्याशी, तळेटीला, धर्मशाळेत परतले होते. काकू पडवीत ताटं मांडत होत्या. त्यांनी आमच्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"आणि हे?" त्या म्हणाल्या.

 मी मागून आलेल्या सहाजणांकडे पाहिलं, ते माझ्याकडे पाहत होते.

तासभर वाट पाहिली. चौकीवर वर्दी दिली. वरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, पण एवढ्या धुक्यात कोण कुणाला ओळखणार? जीवाभाई मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "पूरा पहाड नहीं ढूंढ सकते, साहेब. आखरी बार कहाँ देखा, वो बोलो." प्रत्येकाने वेगळी जागा सांगितली. मी कमंडलूचं वळण म्हणालो, तर एकजण शपथेवर म्हणाला की अंबामातेच्या खाली आपण तो मफलर पाहिला. धुक्यात मफलर सगळ्यांच्याच गळ्यात होते. तिघांनी त्याला दुजोरा दिला आणि मग मलाही माझी खात्री वाटेना.

तेव्हा तात्यांना सुचलं. "दिगू, तुझा रोल! जुनागढला जाऊन धुवून आण. कुणाच्या तरी मागे गोपाळराव आले असतील. तुझी वही आहे, जागा लगेच कळेल."

मी रिक्षा करून गेलो. तासाभरात फोटो देणारा स्टुडिओ होता. साडेतीनच्या आत पाकीट घेऊन परत आलो. तात्यांनी ते माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं, एकेक फोटो बघत गेले आणि एका फोटोपाशी थांबले.

"हे बघा! हे बघा गोपाळराव!"

फोटोत तात्या काठीवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या मागे, पायऱ्यांच्या कडेच्या दगडावर काका बसले होते. गळ्यात मफलर, तोंड दुसरीकडे. बाकी सगळं पांढरं. जीवाभाईने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि मान हलवली. तशा पायऱ्या डोंगरभर होत्या.

"माझे तू दोन काढलेस, त्यातला हा कुठला?" तात्यांनी फोटो उलटला. स्टुडिओवाल्यांनी मागे बारीक अक्षरांत नंबर छापला होता. एकोणीस. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली.

"एकोणीस. गोमुखीजवळच्या पायऱ्या, उतरताना, तात्या," तात्यांनी वाचलं. "म्हणजे गोमुखीपर्यंत आले होते! तिथून जंगलाकडे वाट फुटते, त्या वाटेला लागले असणार. दिगू, वही बरोबर आहे ना?"

"वही बरोबर आहे," मी म्हणालो. माझी वही कधी चुकत नसे. मला स्वतःला काही आठवावं लागायचंच नाही, ती होती म्हणून.

जीवाभाई, त्याची चार माणसं आणि तात्या लगेच निघाले. काकू आणि मी पडवीत राहिलो. बाकीचे वाटेवर जाऊन उभे राहिले होते. मी विखुरलेले फोटो गोळा केले आणि सवयीने नंबर लावायला लागलो. पंधरा, सोळा, सतरा. एकोणीस जीवाभाईने बरोबर नेला होता, म्हणून त्याच्यावर वीस. अठरा नव्हताच. पादुकांचा फोटो काळोखात आला नव्हता, म्हणून स्टुडिओवाल्याने छापलाच नव्हता. वीस नंबरचा फोटो मी उलटून पाहिला. तात्या, काठीवर हात, मागे धुकं, मागे कुणीही नाही.

 वहीतला एकोणीस हा फिल्मवरचा वीस होता. काका बसले होते ते कमंडलूच्या वळणावर, जिथे मी त्यांना सोडून आलो होतो. माझं पहिलं बोलणंच खरं होतं. सगळे त्यांना शोधायला गेले होते दुसरीकडे, निम्म्या डोंगराखाली.

"दिगू," काकू म्हणाल्या, "खात्री आहे ना रे तुझी?"

त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी फोटोंचा गठ्ठा पालथा घातला.

"हो, काकू."

आता मला कारण विचाराल तर तेव्हा डोक्यात आलेलं सगळं सांगतो. तात्यांची बावीस वर्षं. दत्ताची शपथ. गावभर होणारी बोंब, की तगाऱ्यांचा माणूस हरवला आणि पोतनीसांचा दिगंबर चोरून पादुकांचे फोटो काढत होता. शिवाय मनाला समजावायला हजार गोष्टी असतात. काका उठून खाली आले असतील. जीवाभाई वरपर्यंत जाईलच. एवढं काय, माणूस दगडावर बसलाय, पळून थोडाच जातोय. बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला आणि वारा सुटला. मी गप्प बसलो. घड्याळात पावणेचार वाजले होते.

काकू जपमाळ घेऊन बसल्या, पण त्यांचं बोट एकाच मण्यावर अडून राहिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी माळ खाली ठेवली.

"माझ्याच्याने जप होत नाही. तू तुझी वही वाच. आज वाचायची राहिलीय."

"आत्ता कशाला, काकू?"

"वाच रे. हे कुठे कुठे होते ते तरी कळेल मला."

मी वही उघडली. "एक. तळेटी, पहिली पायरी, पहाटे पावणेचार. सगळे."  मी पुढे वाचत गेलो. काकू डोळे मिटून ऐकत होत्या आणि जिथे काकांचं नाव येईल तिथे मान हलवत होत्या. "अकरा. अंबामाता. काकू डोलीत. काका मफलर बांधून घेताना." "चौदा. गोरखनाथाचं शिखर. काका, पाठमोरे." "सतरा. दत्तशिखर, दाराबाहेर, सगळे."

मी थांबलो.

"पुढं?" काकू म्हणाल्या.

पुढे अठरा होता, माझ्याच वळणदार अक्षरात. तो वाचायला तोंड उघडलं आणि मला रडू कोसळलं. चौतीस वर्षांचा बाप्या मी, हुंदके देऊन रडलो.

"काकू, पुढे एक फोटो आहे तो वहीत नाही. मी आत चोरून पादुकांचा फोटो काढला. तिथून पुढचे सगळे आकडे चुकलेत. काका गोमुखीला नाहीत. ते वर आहेत, कमंडलूच्या वळणावर."

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, त्या ओरडतील, मारतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"तुला हे केव्हा कळलं?"

"तुम्ही मला विचारलंत तेव्हा."

भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी एकदा पाहिलं. पाच वाजायला आले होते.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "पळ."

मी पळालो. सकाळी एकदा तो डोंगर चढून उतरलो होतो, मांड्या भरून आल्या होत्या. तरी पळालो, दमलो तेव्हा रांगलो. गोमुखीपाशी पोचलो तेव्हा सात वाजत होते. तात्या वाटेच्या तोंडाशी उभे होते आणि बाकीचे आत जंगलात शिरलेले होते. बहिऱ्या माणसाला ते हाका मारत होते. मी तात्यांना सगळं सांगितलं, एका दमात, शपथेसकट.  मग त्यांनी तोंडाजवळ हात धरून जीवाभाईला जोरात हाक मारली. माझ्याशी त्या दिवशी ते पुन्हा बोलले नाहीत.

जंगलात गेलेले लोक परत येईपर्यंत आणखी वीस मिनिटं गेली. जीवाभाई बॅटरी आणि डोली घेऊन वर गेला, आणि काका त्याला सापडले. त्या वळणाच्या खालच्या अंगाला, एका दगडाच्या आडोशाला, चिंब भिजून बसले होते. उठता उठता पाय मुरगळला होता, म्हणून हलता आलं नव्हतं. जिवंत होते. जीवाभाईने त्यांना आपल्या कांबळीत गुंडाळून खाली आणलं. काकूंना बघून ते एवढंच म्हणाले, "किती वेळ लावलात."

दोन दिवसांनी आम्ही त्यांना मिरजेला घेऊन आलो. थंडी छातीत गेली होती. न्यूमोनिया झाला आणि नवव्या दिवशी काका गेले. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, दोन तास आधी सापडले असते तर? डॉक्टर म्हणाले, "या वयात काही सांगता येत नाही हो." त्या उत्तराने सुटका होईल असं वाटलं होतं. झाली नाही. आईला मी सांगितलं की फोटो आलाच नाही. ती म्हणाली, "नसेल त्यांच्या मनात," आणि कूस वळवता येत नव्हती म्हणून नुसते डोळे मिटले.

तेराव्याला मी गेलो. जाऊ नये असं फार वाटत होतं. काकांचा मुलगा पुण्याहून आला होता. त्याने चार माणसांत माझे दोन्ही हात धरले.

"तुमच्या वहीमुळे बाबा सापडले. नाहीतर त्या डोंगरावर... निदान स्वतःच्या घरात, आपल्या माणसांत गेले. तुमचे उपकार आहेत आमच्यावर."

मी तात्यांकडे पाहिलं. ते पानाकडे बघत भात कालवत होते. म्हणजे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काकूंनीही नाही. मी काही बोलणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंनी हाक मारली, "दिगू, जरा आत ये."

काकू पाटावर बसल्या होत्या. कपाळ मोकळं. मी समोर जमिनीवर बसलो.

"त्याला तू काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "त्याला बाप भेटला, बोलला, हातात हात घेऊन गेला. तेवढं त्याला पुरे आहे. मला मात्र एक विचारायचंय."

"विचारा, काकू."

"त्या दिवशी मी तुला वही वाचायला लावली नसती, तर तू सांगितलं असतंस का रे?"

बाहेर पंगतीत कुणीतरी वरण मागत होतं.  सांगितलं असतं, थोड्या वेळाने नक्की सांगितलं असतं, असं म्हणायला जीभ उचलली होती. त्या बाईला आता त्या एका शब्दाचाच आधार होता, आणि मी तिला तो द्यावा असं मला मनापासून वाटत होतं.

"माहीत नाही, काकू," मी म्हणालो. "खरंच माहीत नाही."

 मग पदराने त्यांनी डोळे पुसले.

"हो म्हणाला असतास, तर परत या घराची पायरी चढू दिली नसती तुला," त्या म्हणाल्या, आणि उठून त्यांनी माझं पान मांडलं.